मापाची खुर्ची

त्याच्या आईनं ती व्हीलचेअर पायरीवरून उचलून आत आणली, तेव्हा बैठकीच्या दोन्ही बाजूंना घडी घातलेली एकेक चादर खोचलेली होती. उरलेल्या मधल्या जागेत तो बसायचा. वय चोवीस. सेंट्रिंगचं काम करताना दुसऱ्या मजल्यावरून पडला, मणक्याला मार लागून मज्जारज्जू दुखावला आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. खुर्ची वर्षभरापूर्वी एका शिबिरात मिळालेली. रंग अजून शाबूत, चाकं शाबूत. मी मोजपट्टी काढली. बैठकीची रुंदी १८ इंच. तो बसल्यावर त्याच्या मांड्यांच्या बाहेरून बाहेर मोजलं, तर साडेतेरा.

तो खुर्चीची तक्रार घेऊन आलाच नव्हता. आला होता जखमेसाठी. बसताना ज्या हाडावर सगळा भार येतो, त्या उजव्या कुल्ल्याखालच्या हाडावर बोट जाईल एवढी खोल जखम झाली होती. पायाखाली काही बोचलं तर आपण पाय उचलतो, तसं त्याला करता येत नाही, कारण तिथलं दुखणं मेंदूपर्यंत पोचतच नाही. जखम कळली ती चादरीला लागलेल्या डागावरून.

मी मापाचं बोललो तेव्हा आई म्हणाली, "फुकट भेटली ना साहेब, तिले माप कोण पाहते?"

या प्रश्नापाशीच सगळं अडतं. सरकारी पैशातून दिव्यांगांना चालण्या-फिरण्याची साधनं मिळतात, मिळत नाहीत असं नाही. पण चष्म्याला नंबर असतो, तसा व्हीलचेअरलाही असतो, ही गोष्ट ना देणाऱ्याच्या कागदावर ठळक आहे, ना घेणाऱ्याच्या डोक्यात.

आधी त्या साडेचार इंचांबद्दल. खुर्ची रुंद असली की बसणारा एका बाजूला कलतो. कमरेचं हाड तिरकं होतं आणि दोन हाडांत वाटला जाणारा भार एकाच हाडावर येतो. त्या हाडाच्या आणि खुर्चीच्या कापडाच्या मध्ये चिमटलेल्या मांसाला रक्त पोचत नाही. काही तास असंच राहिलं तर आतलं मांस मरायला लागतं, आणि वरची कातडी मात्र बरेच दिवस फक्त लालसर दिसते. म्हणून बेडसोर वरून नाण्याएवढा दिसतो आणि आत वाटीएवढा निघतो. बैठक गरजेपेक्षा खोल असेल तर गुडघ्यामागे कड टोचते, माणूस पुढे घसरतो आणि भार माकडहाडावर जातो. पाय ठेवायच्या पट्ट्या फार उंच असतील तर गुडघे वर येतात, मांड्या बैठकीवरून उचलल्या जातात आणि पुन्हा सगळा भार त्याच दोन हाडांवर. शिवाय खुर्ची रुंद असली की चाकांपर्यंत पोचायला दोन्ही हात बाहेर फाकवावे लागतात. दिवसातून शेकडो वेळा तसं केलं की काही वर्षांत खांदे जातात. ज्याचे पाय गेलेत, त्याचे खांदे हेच पाय असतात.

यातलं काहीही अवघड शास्त्र नाही. रुंदी म्हणजे बसलेल्या माणसाच्या कमरेची रुंदी आणि वर फार तर इंचभर. बैठकीची खोली अशी, की गुडघ्यामागे दोन बोटं मोकळी राहावीत. पायपट्टी अशी, की मांडी बैठकीला समांतर टेकावी. आणि ज्याला कमरेखाली संवेदना नाही, त्याला खुर्चीबरोबर भार वाटून घेणारी उशी, तीही नुसती स्पंजाची चौकोनी गादी नव्हे. शिवाय दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायची किंवा पुढे वाकायची सवय. ही सवय कुणीतरी शिकवावी लागते. त्याला कुणी शिकवली नव्हती. खुर्ची मिळाली त्या दिवशी भाषणं झाली, फोटो झाला, दुपारी जेवण मिळालं आणि संध्याकाळी तो खुर्चीसह टेम्पोतून घरी आला.

जखम भरायला चार महिने लागले. त्यातले कित्येक आठवडे तो सरकारी रुग्णालयातल्या खाटेवर पालथा होता. ड्रेसिंग, प्रतिजैविकं, शेवटी शेजारचं मांस सरकवून खड्डा भरायची शस्त्रक्रिया. त्याला पैसे फारसे पडले नाहीत, पण सरकारला पडले. त्या खाटेचा, औषधांचा आणि शल्यचिकित्सकाच्या वेळेचा हिशेब एका खात्यात, खुर्चीचा हिशेब दुसऱ्या खात्यात. दोन्ही वह्या शेजारी ठेवून कुणी पाहत नाही.

आता खुर्चीचे पैसे येतात कुठून ते पाहू. केंद्र सरकारची एडिप ही योजना १९८१ पासून चालू आहे. दिव्यांगांना साधनं घेण्यासाठी आणि बसवण्यासाठी मदत, असं तिचं काम. साधनं बहुतेक करून कानपूरच्या एलिम्कोकडून येतात. हा केंद्र सरकारचाच कारखाना, १९७२ मध्ये स्थापन झालेला. पात्रतेच्या अटी वाचायला सोप्या आहेत: किमान ४० टक्के दिव्यांगत्व, आणि महिन्याचं उत्पन्न साडेबावीस हजारांच्या आत असेल तर साधन पूर्ण मोफत, तीस हजारांच्या आत असेल तर निम्म्या किमतीत. आधी या मर्यादा पंधरा आणि वीस हजार होत्या, त्या वाढल्या हे बरं झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २४ वं कलमही उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना मोफत साधनं देण्याबद्दल बोलतं. म्हणजे ही मेहेरबानी नाही, कायद्यात लिहिलेली गोष्ट आहे.

अटींत एक ओळ मात्र अशी आहे, की तिच्यावर बोट ठेवून थांबलं पाहिजे. मागच्या तीन वर्षांत त्याच कारणासाठी सरकारी मदत घेतलेली नसावी. बारा वर्षांखालच्या मुलांना ही अट एक वर्षाची. एकाच माणसानं तीन शिबिरांतून तीन सायकली नेऊ नयेत म्हणून ही ओळ घातली असणार, आणि तसं होतही असे. पण तिचा दुसरा अर्थ असा, की चुकीच्या मापाची खुर्ची एकदा घेतली, की पुढची तीन वर्षं बरोबर मापाच्या खुर्चीचं दार बंद. कागदावर तो 'लाभार्थी' झालेला असतो. चादरी खोचलेल्या या मुलानं दुसऱ्या खुर्चीसाठी चौकशी केली, तेव्हा त्याला हेच उत्तर मिळालं. तुम्हाला मिळाली आहे.

शिबिरं वाईट असतात असं मी म्हणणार नाही. शहराच्या कचेऱ्यांपर्यंत कधीच न पोचणारी माणसं शिबिरात पोचतात. रामटेक, काटोल, उमरेडकडचा ज्याला दोन बस बदलून नागपूरला यावं लागतं, त्याच्यासाठी जवळ भरलेलं शिबिर हीच कचेरी असते. ऑगस्ट २०२२ मध्ये रेशीमबाग मैदानावर एडिप आणि ज्येष्ठांसाठीची वयोश्री योजना यांचं मिळून मोठं वाटप झालं, ते पुष्कळांच्या लक्षात असेल. कुबड्या, काठ्या, श्रवणयंत्रं, तीनचाकी सायकली यांनी कितीतरी घरांचा दिवस सोपा झाला. काठीला फार माप लागत नाही, खिट्टी दाबून उंची बदलता येते. पण जो लकवा, मज्जारज्जूची इजा, सेरेब्रल पाल्सी किंवा मस्क्युलर डिस्ट्रॉफी घेऊन दिवसाचे दहा-बारा तास बसणार आहे, त्याची खुर्ची आणि आजोबांची काठी एकाच टेबलावरून, एकाच दुपारी वाटली जाते, तिथं घोटाळा होतो.

शिबिराचं यश मोजलं जातं ते नगांवर. २९ फेब्रुवारी २०२० ला प्रयागराजला पंतप्रधानांच्या उपस्थितीत सुमारे २७ हजार जणांना साधनं वाटली गेली, त्यात तीनचाकी सायकलींच्या वाटपाचे जागतिक विक्रमही नोंदवले गेले. विक्रमाला हरकत नाही. पण एका तासात किती सायकली वाटल्या हे ज्या कामात अभिमानानं सांगितलं जातं, त्या कामात एका माणसाला तासभर देणं ही चूक ठरते. आणि खुर्ची नीट बसवायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये, खास कमी साधनसामग्री असलेल्या देशांसाठी, व्हीलचेअर कशी द्यावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात आठ पायऱ्या होत्या. माणूस पाठवला जाणं, तपासणी, कोणती खुर्ची हे लिहून देणं, पैशाची सोय आणि मागणी, खुर्ची तयार करणं, अंगाला बसवून पाहणं, वापरायला शिकवणं, आणि नंतरची देखभाल-दुरुस्ती. आपल्याकडे पैसा आणि सगळी धडपड चौथ्या पायरीवर जमा होते. सहावी आणि सातवी उरकली जाते. आठवी नाहीच.

कागदांचं म्हणाल तर त्यांची गोष्ट प्रत्येक घराची वेगळी आणि सगळ्यांची सारखी. दिव्यांगत्वाचा दाखला १ जून २०२१ पासून फक्त ऑनलाइन यूडीआयडी पोर्टलवरून मिळतो. त्यानं जुन्या बोगस दाखल्यांना आळा बसला, हे खरं. पण त्यासाठी मोबाइल, ओटीपी, आधारशी जुळणारं नाव आणि ठरल्या दिवशी रुग्णालयात नेणारा माणूस लागतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा. अर्ज कधी समाजकल्याणचा, कधी महापालिकेचा. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. खिडक्या अजून वेगवेगळ्याच आहेत. गंमत अशी, की संजय गांधी निराधार योजनेच्या खिडकीवर दिव्यांगासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार, आणि एडिपच्या खिडकीवर हिशेब केला तर वर्षाला दोन लाख सत्तर हजार. मग एका दाखल्यात गरीब असलेलं घर दुसऱ्या दाखल्यात तसंच दिसावं म्हणून दलाल सल्ले देतात, आणि लोक फसतात.

व्हीलचेअर नसलेल्या माणसाला व्हीलचेअरच्या अर्जासाठी कचेरीत जायचं असतं, हा यातला न बोललेला खर्च. ऑटोचे जाऊन-येऊन दोनशे-तीनशे, सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजी, आणि 'साहेब आज दौऱ्यावर आहेत' हे ऐकून परत. निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला पंधराशे मिळत. सप्टेंबर २०२५ मध्ये ते अडीच हजार करायचं ठरलं. अशा चार फेऱ्यांत त्यातला निम्मा जातो.

आता दुसरा माणूस. पन्नाशीला आलेला, झेरॉक्सचं दुकान चालवणारा. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय बारीक राहिले. एका पायात कॅलिपर आणि दोन कुबड्या यांवर त्यानं शाळा, कॉलेज, लग्न, दुकान सगळं केलं. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या आनंदात एक पिढी आपल्या हिशेबातून निसटली. ज्यांना साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत पोलिओ झाला, ती माणसं आता मध्यमवयात किंवा त्याच्या पुढे आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांना जुन्या आजाराची दुसरी फेरी गाठते. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. लहानपणी ज्या चेतापेशी वाचल्या, त्यांनी मेलेल्यांचंही काम इतकी वर्षं अंगावर घेतलेलं असतं. मूळ आजारानंतर पंधरा ते चाळीस वर्षांनी त्या थकतात. मग नव्यानं अशक्तपणा येतो, थकवा येतो, आणि कुबड्यांवर चाळीस वर्षं शरीर तोललेले खांदे बोलायला लागतात. खांद्याचा सांधा सगळीकडे फिरण्यासाठी घडलेला आहे, वजन पेलण्यासाठी नाही.

याला आता कुबड्या झेपत नाहीत. हातानं चालवायची सायकल दिली तर तीही खांद्यावरच. त्याला हवी मोटरवर चालणारी तीनचाकी. ती एडिपमध्ये आहे, पण त्यासाठी दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असावं लागतं. २०२४ च्या सुधारित नियमांत यूडीआयडी कार्डांना रंग दिले आहेत. ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० च्या पुढे आणि ८० च्या आत पिवळं, ८० पासून पुढे निळं. याचं कार्ड पिवळं. टक्केवारी ७७.

७७ कसे होतात ते सांगतो, कारण त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. दोन अवयवांची टक्केवारी नुसती बेरीज करून काढत नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवायचा. नव्वदातून तो वजा करायचा, जे उरेल त्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदानं भागायचं आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. त्याच्या एका पायाचे ६०, दुसऱ्याचे ५०. नव्वदातून साठ गेले, उरले तीस. तीस गुणिले पन्नास, भागिले नव्वद, म्हणजे सोळा पूर्णांक सहासष्ट. साठात मिळवले की ७७. दुसऱ्या पायाचेही ६० धरले असते तर बरोबर ८० आले असते. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी हातानं अजमावून हे आकडे ठरतात. त्यात एका तपासणाऱ्याच्या हाताला जे 'तीन' वाटतं ते दुसऱ्याला 'दोन' वाटू शकतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं.

"सर, त्या तीन टक्क्यात मी किती पावलं चालतो, तेवढं सांगा," तो म्हणाला.

८० ची अट का, याला उत्तर आहे. पैसा मोजका, म्हणून ज्यांची अवस्था सगळ्यांत कठीण त्यांना आधी. ते पटण्यासारखंच आहे. पण टक्केवारी सांगते शरीराचं किती गेलं. दुकान किती लांब आहे, वाटेत चढ आहे का, खांदे किती उरलेत, घरात दुसरं कमावणारं कुणी आहे का, यातलं ती काहीच सांगत नाही. एका पायरीच्या फरकानं दुकान बंद पडणारा माणूस ७७ वर अडकतो, आणि निळं कार्ड असलेल्या एखाद्याच्या घरी मोटरची सायकल गल्लीतून निघत नाही म्हणून प्लास्टिक पांघरून उभी असते. दोन्ही मी पाहिलं आहे.

शिवाय ८० पार केले तरी पैसे पूर्ण येतातच असं नाही. २०१४ च्या नियमांत मोटरच्या तीनचाकीसाठी सरकारी मदतीची मर्यादा २५ हजार होती आणि गाडीची किंमत त्याहून बरीच जास्त. उरलेली रक्कम खासदार किंवा आमदार निधीतून, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून किंवा स्वतःच्या खिशातून, अशी रीतच पडली. म्हणून ही गाडी मिळणं न मिळणं पुष्कळदा आपल्या भागाचा लोकप्रतिनिधी कोण आणि त्याच्यापर्यंत आपली ओळख किती, यावर येतं. त्यापुढे बॅटरी. साधी लेड-ॲसिड बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते, आणि नवी घ्यायला हजारो रुपये लागतात. गाडी देताना हार घालणारे त्या वेळी नसतात.

राज्यात महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती या सगळ्यांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा नियम आहे. हा पैसा स्थानिक असल्यानं त्यात थोडी मोकळीक असते. साधनांची दुरुस्ती, बॅटरी, उशी, एडिपच्या मापात न बसणारी खुर्ची, अशा फटी बुजवायला यासारखी दुसरी तरतूद नाही. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा सरसकट थोडी थोडी रोख वाटून, नाहीतर वर्ष संपता संपता घाईत खर्च होतो. ग्रामसभेत किंवा महापालिकेच्या समाज विकास विभागात यंदाचे ५ टक्के किती आणि कशावर गेले हे लेखी विचारायचा अधिकार प्रत्येकाला आहे. विचारणारे फार थोडे.

आणि मग नागपूर. खुर्ची कुठं चालणार, हा खुर्चीच्या नंबराचाच भाग आहे. सिमेंट रस्ते झाले तसे ते उंच झाले, आणि जुन्या वस्त्यांत घराचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला. पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणून आपण ओरडतो, पण खुर्ची वर चढत नाही म्हणून कुणी ओरडत नाही. शिबिरातल्या नेहमीच्या खुर्चीची पुढची चाकं लहान असतात. ती रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीसाठी ठीक. रस्ता आणि पेव्हिंग ब्लॉकच्या मधल्या खाचेत ती अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. मेट्रोच्या स्टेशनांत लिफ्ट आहेत, चांगल्या आहेत. स्टेशनपर्यंतचे शेवटचे चारशे मीटर कुणाचेच नाहीत.

मे महिन्याचं तर वेगळंच सांगावं लागतं. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही. इजा जितकी वर, तितकं घामाविना राहणारं अंग जास्त. मान किंवा छातीच्या वरच्या भागात इजा असेल तर शरीराची गारवा राखायची सोयच कोलमडते, आणि पंचेचाळीस अंशांत तासभर बाहेर बसणं जिवावर बेतू शकतं. त्यात बैठक काळ्या रेक्झिनची, हातरिमा लोखंडाच्या. उन्हात ठेवलेल्या खुर्चीवर बसून संवेदना नसलेल्या मांडीला भाजल्याचे फोड आलेले मी पाहिले आहेत. बसण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूनं बैठक तपासायची आणि ओल्या पंचाची सोय जवळ ठेवायची, हे नागपूरच्या रुग्णाला आम्ही औषधासारखं लिहून देतो.

चांगल्या खुर्च्या देशात बनत नाहीत असं नाही. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या केंद्रातून उभी राहू देणारी 'अराइज' आली, नंतर अंगाच्या मापानं बनणारी 'निओफ्लाय' आणि तिला पुढून जोडायचं मोटरचं चाक 'निओबोल्ट'. खुर्ची घरात, चाक जोडलं की रस्त्यावर. झेरॉक्सवाल्याला मी त्याचा व्हिडिओ दाखवला, तो दोनदा पाहिला त्यानं. अशा मापाच्या खुर्च्यांच्या किमती मात्र तीस-चाळीस हजारांच्या पुढे सुरू होतात, आणि एडिपमध्ये साध्या साधनाची मर्यादा २०१४ मध्ये दहा हजार होती. ती नंतर वाढली, तरी अंतर राहिलंच. वर कर. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा व्हीलचेअरवर ५ टक्के लागले. सरकारचं म्हणणं असं, की कर पूर्ण काढला तर देशी उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेला कर परत मिळत नाही आणि आयात माल स्वस्त पडतो. निपुण मल्होत्रा या दिल्लीच्या कार्यकर्त्यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. हिशेबाच्या बाजूनं सरकारचं उत्तर अगदीच पोकळ नाही, पण चालण्यावर कर ही गोष्ट गळ्याखाली उतरत नाही.

इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१९ पासून व्हीलचेअर लागणाऱ्याला स्वतःच्या नावानं ठरलेलं बजेट मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. तपासणी करून सरकार जेवढा खर्च करणार होतं तेवढी रक्कम त्याच्या नावे, त्यात स्वतःचे किंवा संस्थेचे पैसे घालून हवी ती खुर्ची घ्या. आपल्याकडे तेवढा पैसा नाही हे मान्य. पण त्यातली कल्पना महाग नाही. दहा-पंधरा हजारांची वस्तू हातात ठेवण्याऐवजी तेवढेच रुपये मापाच्या खुर्चीच्या बिलात वळते करता आले, तर उरलेलं घरचे, गणेश मंडळ, रोटरी, कुणीही जमवतं. लोक वस्तूला देतात तसे बिलालाही देतात.

तोवर जे हातात आहे ते असं. अर्जासोबत खुर्चीचं लेखी प्रिस्क्रिप्शन जोडा. मेडिकल, मेयो, एम्स किंवा धंतोलीतल्या यशवंत स्टेडियममधलं केंद्र सरकारचं कंपोझिट रिजनल सेंटर, जिथं शक्य असेल तिथं फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून इंचांत मापं लिहून घ्या: रुंदी, खोली, पायपट्टीची उंची, उशी हवी की नको. एलिम्कोच्या यादीत हलक्या, ॲक्टिव्ह प्रकारच्या खुर्च्याही आहेत, त्यांचं नाव घेऊन मागा. शिबिरात खुर्चीवर बसून पाहिल्याशिवाय पावतीवर सही करू नका, आणि माप चुकलं असेल तर तसं पावतीवरच लिहा. मंचासमोर हे करायला धीर लागतो, मला कल्पना आहे. मागून रांग ढकलत असते. पण ती सही झाली की तीन वर्षांची अट चालू होते. मूल वाढतं आहे, त्याच्यासाठी एक वर्षाची अट आहे, तर दर वर्षी नवी मापं घेऊन तारीख टाकून ठेवा.

त्या चोवीस वर्षांच्या मुलाला साडेचौदा इंचांची खुर्ची मिळाली. थोडे स्थानिक निधीतून, थोडे तो ज्याच्याकडे काम करायचा त्या ठेकेदारानं, आणि आठ हजार त्याच्या आईच्या भिशीतून. दीड वर्ष लागलं. आता तो घराजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिकतो. जुनी खुर्ची दारातच आहे. तिच्यावर पाण्याची कॅन ठेवून आई नळावरून आणते. त्या कामाला तिची रुंदी बरोबर आहे.

झेरॉक्सवाल्यानं नव्यानं आलेल्या अशक्तपणाचे कागद जोडून फेरतपासणीचा अर्ज ऑनलाइन भरला आहे. तारीख अजून आलेली नाही.